हजेरीपटावरची एकोणीस माणसं

ज्यांना लोकलमध्ये नाहीतर पीएमपीच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा पहिला पगार झाला. बाणेरला एका कंपनीत लागलाय. रात्री साडेदहाला त्याचा फोन. "मामा, माझे अठराशे रुपये कमी आलेत." म्हटलं, स्लिप पाठव. स्लिप आली. बेसिक, एचआरए, कसलासा अलाउन्स, आणि खाली कपातीच्या रकान्यात 'पीएफ १,८००'. पोरगा चिडला होता. "हे कोण खातंय?"

मी म्हणणार होतो की कोणी खात नाही रे, तुझेच आहेत. पण शब्द तोंडातच राहिले. कारण आमच्या घरात हे वाक्य इतक्या सहज म्हणता येत नाही. का ते सांगतो, पण त्याआधी तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल.

मी राहतो शनिवार पेठेत. इथून शनिवारवाडा चालत पाच मिनिटं. तिथे तुम्ही रील काढायला जाता, दिल्ली दरवाज्याचे खिळे बघता, 'काका मला वाचवा'ची गोष्ट एकमेकांना सांगता. पण या वाड्याच्या शेवटच्या मालकाची गोष्ट खरं तर पेन्शनची आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. ठरलं काय, तर गादी सोडायची, पुणं सोडायचं, आणि कंपनी सरकार वर्षाला आठ लाख रुपये देणार. बाजीराव गंगेकाठी बिठूरला जाऊन राहिला आणि जानेवारी १८५१ मध्ये वारला. म्हणजे बत्तीस वर्षांहून जास्त काळ त्यानं पेन्शन खाल्ली. गुणाकार करा, अडीच कोटींच्या वर जातात.

आणि तो वारला त्या दिवशी पेन्शन संपली. दत्तक मुलगा नानासाहेब, त्यानं अर्ज केले, आपला माणूस थेट लंडनला पाठवला. कंपनीचं उत्तर एकच. ही रक्कम बाजीरावाला दिली होती, त्याच्या घराण्याला नाही. आम्ही दिली, आम्ही थांबवली. पुढे १८५७ मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेशव्याच्या पेन्शनचा आणि माझ्या अठराशे रुपयांचा काय संबंध? संबंध उलटा आहे. जुन्या काळात म्हातारपणाची, नाहीतर मागे राहिलेल्यांची सोय होत नव्हती असं नाही. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' मिळायची. देवस्थानांना, शास्त्रीपंडितांना वर्षासन होतं. पण देणारा वर बसलेला आणि घेणारा खाली. त्याची मर्जी असेपर्यंत मिळायचं.

इंग्रजी राज्यात सरकारी नोकरांना पेन्शन आली आणि त्यातूनच पुणं हे पेन्शनरांचं गाव झालं. ओंकारेश्वराच्या बाजूला संध्याकाळी फिरणारे, हातात काठी, डोक्याला टोपी, असे आजोबा माझ्या लहानपणीही होते. पण त्या पेन्शनच्या नियमातही एक काटा होता. निवृत्त झाल्यावरही वर्तणूक चांगली राहिली पाहिजे ही गर्भित अट. म्हणजे घरी बसल्यावरही साहेबाची नजर. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, कर्मचाऱ्यानं कमावलेली गोष्ट आहे, हे आपल्या सुप्रीम कोर्टानं ठणकावून सांगितलं त्याला फार काळ झालेला नाही. डी. एस. नाकरा यांचा खटला, १७ डिसेंबर १९८२. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन.

हे झालं सरकारी नोकरांचं. गिरणीत, छापखान्यात, कारखान्यात राबणाऱ्याचं काय?

त्यांच्या बाजूनं सगळ्यात आधी बोलणाऱ्यांमध्ये एक आपला माणूस आहे, नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधू' पुढे लोखंड्यांनी मुंबईत चालवला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा ठराव केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, ती १८९० मध्ये मिळाली, त्यासाठी लोखंड्यांना आपण अजून दुवा देतो. पण त्याच ठरावात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि दोन, कामावर जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी.

ही १५ तारीख लक्षात ठेवा, परत येणार आहे.

दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. कुठलाही कायदा नसताना. मोठी गोष्ट होती, यात वाद नाही. पण टाटा चांगले म्हणून नागपूरच्या कामगाराला मिळालं, शेजारच्या गिरणीचा मालक तसा नसेल तर तिथल्याला नाही. मधल्या काळात पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात वर्षानुवर्षं भांडत राहिले. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यानं सरकारी आणि रेल्वेच्या फंडांबाबत एक फार हुशारीची तरतूद केली, की फंडात साठलेल्या पैशावर सावकाराला जप्ती आणता येणार नाही. ज्या देशात माणूस सावकाराच्या वहीत जन्मतो आणि तिथेच मरतो, तिथे हे कलम किती मोलाचं असेल बघा. हेच कलम पुढे आपल्या पीएफ कायद्यातही आलं.

स्वातंत्र्य मिळालं, १९४८ मध्ये कोळसा खाणींसाठी वेगळा कायदा झाला, आणि १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला. त्याचाच पुढे झाला कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा, १९५२. सुरुवातीला फक्त सहा उद्योग: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. पन्नास किंवा जास्त कामगार असलेले कारखाने. आणि कपात किती? सव्वासहा टक्के. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी बराच काळ डोकं खाजवायचो. मग बाबांनी सांगितलं, अरे, रुपयाला एक आणा! सोळा आण्यांचा रुपया, त्यातला एक आणा तुझा, एक आणा मालकाचा. शाळेत न गेलेल्या माणसालाही हिशेब कळावा असा दर. पहिल्या वर्षी व्याज होतं तीन टक्के.

आता छापखान्यात येऊ.

माझे बाबा कंपोझिटर. खिळे जुळवायचे. शनिवार पेठेत तेव्हा गल्लीबोळांत छापखाने होते, बोळात शिरलं की ट्रेडल मशीनचा खटखटाट आणि शाईचा वास. बाबा १९७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी एका छापखान्यात लागले. नाव सांगत नाही, मालक आता हयात नाहीत. पुस्तकं, गाईडं, लग्नपत्रिका, आणि जुलैपासून दिवाळी अंक. दिवाळी अंकांच्या दिवसांत बाबा रात्री अकराला घरी यायचे. बोटांची टोकं काळी, शिशानं कायमची काळी.

कायद्यानं १९६० सालीच पन्नासाची अट वीसवर आणली होती. वीस माणसं असली की पीएफ लागू. आणि छपाईचा धंदा कायद्याच्या अनुसूचीत होता. गंमत म्हणजे तिथे 'खिळे जुळवण्याचं काम' असं स्पष्ट लिहिलंय. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भरून आलं होतं. दिल्लीतल्या कुठल्या तरी कारकुनानं माझ्या बापाचं काम नावानिशी लिहून ठेवलं होतं.

पण बाबांच्या छापखान्यात पीएफ नव्हता. कारण हजेरीपटावर माणसं एकोणीस. १९७२ मध्ये एकोणीस, १९७८ मध्ये एकोणीस, १९८३ मध्येही एकोणीस. कोणी नवा लागला की कोणीतरी पटावरून खाली यायचा आणि त्याला पगार 'किरकोळ खर्च' म्हणून मिळायचा. बाइंडिंगचा विभाग त्याच छताखाली, पण मालकाच्या मेव्हण्याच्या नावावर, वेगळी पाटी, पटावर आठ. आणि याशिवाय बायका. छापलेल्या फर्म्यांना घड्या घालायच्या, क्रमानं लावायचे, शिवायला द्यायचे. हे काम नगावर चालायचं. शेकड्याला इतके पैसे. छापखान्यातून गठ्ठा घरी आणायचा, घड्या घालून परत द्यायचा. त्या बायका कुठल्याच पटावर नव्हत्या. त्यातली एक माझी आई. १९७६ पासून अकरा-बारा वर्षं तिनं हे काम केलं. आमच्या घरात जेवायला बसायची जागा फर्म्यांचे गठ्ठे सरकवून करायला लागायची.

मालक वाईट माणूस होता का? नाही हो. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण अशा गोष्टीत मालकाला खलनायक करणं फार सोपं आहे. बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मालकांनी पैसे दिले, परत मागितले नाहीत. ताईच्या शाळेची फी एका वर्षी त्यांनी भरली. दिवाळीला प्रत्येकाला चिवडा, लाडू, एक धोतरजोडी नाहीतर साडी. बाबा त्यांच्याबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. "मागितलं की देतात," एवढंच म्हणायचे. मला हे वाक्य तेव्हा चांगलं वाटायचं. आता त्यातलं 'मागितलं की' टोचतं.

१९८७ मध्ये पीएफचे इन्स्पेक्टर आले. तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण संशय सगळ्यांचा मुद्रितशोधक काकांवर. ते जुने समाजवादी, खादी घालायचे आणि स्वल्पविरामावरूनही भांडायचे. इन्स्पेक्टरनं पट मागितला. एकोणीस. ते जायला निघाले तेव्हा काकांनी त्यांना एक वही दाखवली. बाइंडिंगच्या मुकादमाची वही, दिवाळीच्या लाडू-चिवड्याची यादी. दोन्ही विभाग मिळून नावं होती एकतीस. खाली बायकांची वेगळी नऊ.

मालकाच्या चांगुलपणाच्या वहीनंच मालकाला अडकवलं. बाबांना याचं शेवटपर्यंत वाईट वाटायचं.

मग चौकशी लागली. पीएफ कायद्याच्या ७-अ कलमाखालची चौकशी म्हणजे छोटं कोर्टच असतं. अधिकारी साक्षीला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. मालकाचा वकील म्हणाला, दोन वेगळ्या संस्था आहेत. पण त्याचंही उत्तर कायद्यात आहे, २-अ कलम. एकाच आस्थापनेचे विभाग असोत की शाखा, सगळं मिळून एकच धरायचं. एकच वीजजोडणी, एकच कागदाचं गोदाम, एकच मुकादम. दोन पाट्या टिकल्या नाहीत. छापखान्याला पीएफ लागू झाला तो मागच्या तारखेपासून, एप्रिल १९८४ पासून.

इथे एक तपशील सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी उपयोगी पडेल. अशी मागची थकबाकी निघाली तर कामगाराचा हिस्साही सहसा मालकालाच भरावा लागतो. ज्या महिन्याची वर्गणी त्याच महिन्याच्या पगारातून कापायची, नंतरच्या पगारातून मागचं वसूल करायचं नाही, असा नियम आहे. मालकांनी तीन वर्षांचे दोन्ही हिस्से हप्त्यांनी भरले. एक जुनं सिलिंडर मशीन विकलं म्हणे. पण १९७२ ते १९८४ ही बारा वर्षं गेली ती गेलीच.

आणि बायका? मालकाचे वकील म्हणाले, त्या आमच्या नोकर नाहीत, घरी बसून नगावर काम करतात. अधिकाऱ्यानं मान डोलावली. नऊ नावं यादीतून उडाली.

बरं, ऐका. याच्या दोन वर्षं आधी, १९८५ मध्ये, सुप्रीम कोर्टानं पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात निकाल दिला होता. विषय विडी कामगारांचा. विडी उद्योगाला १९७७ मध्ये पीएफ लागू झाला, तेव्हा विडी कारखानदार हेच म्हणाले होते की बायका घरी बसून विड्या वळतात, त्या आमच्या कामगार कशा? कोर्टानं म्हटलं, घरी बसून केलं तरी काम कारखान्याचंच. माल तुम्ही देता, विडी खराब असेल तर नाकारायचा हक्क तुमचा, म्हणजे नियंत्रण तुमचं. त्या कर्मचारीच आहेत. सोलापूर, सिन्नर, निपाणी, आपल्या पूर्व भागातल्या पेठा, इथल्या हजारो बायकांच्या आयुष्याशी संबंधित निकाल. घडी वाकडी आली तर गठ्ठा परत येणाऱ्या माझ्या आईलाही तो लावून बघता आला असता. पण चौकशीच्या खोलीत तो कुणाला माहीतच नव्हता. काकांनाही नाही. तेव्हा गुगल नव्हतं, बायकांची युनियन नव्हती, आणि त्या नऊजणींना तर चौकशीच्या दिवशी बोलावलंही नव्हतं. आई म्हणाली, "मला संध्याकाळी कळलं. तेव्हा मी घड्याच घालत होते."

छापखाना १९९७ च्या फेब्रुवारीत बंद पडला. डीटीपी आलं होतं. ज्या दिवाळी अंकाला बाबांना तीन महिने लागायचे, तो एक मुलगी एसीत बसून पंधरा दिवसांत लावायची. खिळे भंगारात किलोवर गेले. आणि बंद पडायच्या आधीच्या पाच महिन्यांत एक गोष्ट झाली. पगारातून पीएफ कापला जात होता, पण भरला जात नव्हता.

तेव्हा कामगाराला हे कळायचा मार्गच नव्हता. वर्षातून एकदा एक पावती यायची, फॉर्म २३, तीही वर्षभर उशिरा, तीही मालकाच्या हातून. तुमच्या पगारातून आज कापलेला रुपया दोन वर्षांनी कळणार की भरला का नाही. पीएफच्या सगळ्या इतिहासातली खरी गोम मला इथे दिसते. कायद्यानं मेहेरबानी संपवली, पैसा तुमच्या नावावर केला, दर ठरवला, व्याज दिलं. पण पैसा जायचा मालकाच्याच गल्ल्यातून. धंदा अडचणीत आला की मालक आधी कागदवाल्याला देतो, मग वीज बिल, मग बँक. पीएफ सगळ्यात शेवटी, कारण पीएफवाला रोज दारात येऊन उभा राहत नाही.

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. १९७३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. पगारातून वर्गणी कापली आणि भरली नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. उधारी नव्हे, गुन्हा. मालक दिवाळखोर झाला तरी पीएफची थकबाकी इतर देण्यांच्या आधी. याचा आपल्याकडचा गाजलेला खटला २००९ चा आहे. साखर कारखान्यांनी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती तारण ठेवली होती आणि कामगारांचा पीएफ थकवला होता. बँक म्हणाली, पोती आमची. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आधी कामगारांचा पीएफ, मग बँक. सहकाराच्या महाराष्ट्रात याचा अर्थ किती मोठा आहे हे ज्यांच्या गावाकडे बंद कारखान्याची चिमणी उभी आहे त्यांना सांगायला नको.

बाबांचे ते पाच महिने मात्र कधीच आले नाहीत. "जाऊ दे," म्हणाले. "ऑपरेशनचे पैसे तरी मी कुठे परत केले?" बघा म्हणजे, हक्काचा पैसा सोडताना त्यांनी वजावट कशाची केली.

मग पेन्शन. १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेच्या जागी १६ नोव्हेंबर १९९५ ला कर्मचारी पेन्शन योजना आली, जिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. किमान दहा वर्षं नोकरी पाहिजे. बाबांची नोंदलेली वर्षं जवळजवळ तेरा. म्हणजे काकांनी ती वही दाखवली नसती तर बाबांना पेन्शनच नव्हती. २००८ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि पेन्शन सुरू झाली. महिन्याला पाचशेच्या आसपास. पंचवीस वर्षं खिळे जुळवून. सप्टेंबर २०१४ पासून सरकारनं किमान पेन्शन एक हजार केली, तेव्हा त्यांनी पेढे आणले होते. हजार रुपये. तेव्हापासून आजतागायत ईपीएस-९५ चे पेन्शनर आंदोलनं करतायत, त्या आंदोलनाचं एक मोठं ठाणं आपल्या बुलढाण्यात आहे. म्हातारी माणसं, साखळी उपोषणं. तुमच्या फीडवर ते येत नाही.

आता भाच्याकडे. त्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावला आणि हिशेब मांडून दाखवला. पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के म्हणजे अठराशे तुझे. कंपनीचे अठराशे वेगळे. कंपनीच्या अठराशेतले १,२५० जातात पेन्शनमध्ये, उरलेले ५५० तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे पेन्शनमध्ये तुझ्या पगारातून एक रुपया जात नाही. तो म्हणाला, "पण सीटीसीमध्ये तर कंपनीचे अठराशेही माझ्याच नावावर लिहिलेत!" हुशार आहे. खरं आहे ते. मालकाचा आणा होता तो कधी तुमच्या पॅकेजमध्ये जाऊन बसला, कोणाला कळलं नाही.

आणि पेन्शनचं सूत्र त्याला सांगितलं. पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजारांवर दहा वर्षं केलीस तर २,१४३ रुपये. पस्तीस वर्षं केलीस तर साडेसात हजार. तो गप्प झाला. मग म्हणाला, "झोमॅटोचंच महिन्याचं तेवढं होतं."

मग आम्ही त्याचा यूएएन चालू केला. ही २०१४ ची सोय. नोकरी बदलली तरी नंबर तोच. पासबुक मोबाइलवर. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. बघा, आली ना परत! लोखंड्यांनी पगारासाठी मागितलेली तारीख एकशे चाळीस वर्षांनी पीएफच्या चलनावर बसलीय. योगायोगच असेल, पण मला आवडतो. तर पंधरा तारखेनंतर चार-सहा दिवसांनी पासबुक उघडायचं. नोंद दिसली नाही तर एचआरला मेल टाकायचा, तोंडी नाही, मेल. दोन महिने दिसली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर. बाबांना जे कळायला दोन वर्षं लागली असती ते तुम्हाला चार दिवसांत कळतं. भाच्याच्या आधीच्या इंटर्नशिपवाल्या कंपनीनं 'कन्सल्टंट' म्हणून करार करून घेतला होता. रोज नऊ ते सात, त्यांचाच लॅपटॉप, त्यांचाच मॅनेजर, आणि पीएफ नाही. मी त्याला विचारलं, तिथे तुम्ही कितीजण होता? म्हणाला, "कर्मचारी सतरा-अठरा. बाकी आम्ही सगळे कन्सल्टंट."

मी हसलो. त्याला कळलं नाही का ते. मग ही सगळी गोष्ट सांगितली.

बाबा २०१९ मध्ये गेले. आईला आता विधवा पेन्शन मिळते, किमान म्हणून तेच एक हजार. दर वर्षी जीवन प्रमाणपत्र द्यावं लागतं. सुरुवातीला अंगठ्याचं मशीन होतं, तिचा अंगठा लागायचा नाही. इतकी वर्षं कागदावर नख आणि अंगठा घासून रेषा राहिल्याच नाहीत. बँकेतली मुलगी म्हणायची, आजी, नीट दाबा. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, पापण्या मिटा-उघडा म्हणतं ॲप. गेल्या खेपेला मी माहिती भरत होतो आणि ती शेजारी बसून बघत होती. पेन्शनचा प्रकार विचारला होता. मी 'कुटुंब' निवडलं.

"माझ्या कामाचं काही विचारत नाहीत का रे?" ती म्हणाली.

नाही विचारत म्हटलं.

तर मंडळी, तुमच्या घरी आजी-आजोबांची जुनी पगाराची चिठ्ठी, पीएफची पावती, विडी कारखान्याचं कार्ड, काही असेल तर फोटो काढून ठेवा आणि आम्हाला पाठवा, नावं झाकून. पुढच्या भागात हमालांकडे जायचंय. १९६९ चा माथाडी कायदा, जिथे पीएफ मालकाच्या गल्ल्यातून जातच नाही, थेट मंडळाकडे जातो. ती युक्ती कशी सुचली, ते बघू. भेटू.